पडकई आणि पहाटेची शिफ्ट

आमच्या वाडीत मी नेमकं काय काम करते हे कोणाला धड सांगता येत नाही, पण माझी शिफ्ट कोणती चालू आहे हे सगळ्यांना पाठ असतं. तळेघर सोडून वर चढत गेलं की डोंगराच्या अंगाला आमची मोजकी घरं लागतात. एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. तिथे आमच्या शेजारच्या काकीला विचारा, ती हातातलं काम न थांबवता सांगेल, "ह्या आठवड्याला डुटी पहाटंची हाय तिची. म्हंजी आपल्यात भाकऱ्या थापायच्या टायमाला दिसती."

मी लंडनमधल्या एका आंतरराष्ट्रीय इंग्रजी वाहिनीवर बातम्या वाचते. पहाटेची शिफ्ट तिथे अंधारात सुरू होते, आणि तेव्हा आमच्याकडे उन्हं चांगली वर आलेली असतात. त्यामुळे वाडीला मी दिसते ती दुपारच्या जेवणाच्या आसपास. इंग्रजी कोणालाच कळत नाही, म्हणून बातम्यांकडे लक्ष द्यायची कोणावर सक्ती नसते. सगळं लक्ष माझ्यावर. काकीचा फोन येतो, "आज त्यो निळा कोट घातला व्हतास, त्यात लई वाळलेली दिसतीस. जेवतीस का नाय?" एकदा कुठल्याशा देशाच्या निवडणुकीचे निकाल मी तासन्‌तास सांगत होते. माझ्या साहेबांनी शाबासकी दिली. काकी म्हणाली, "आज लई बोलाया लावलं गं तुला. दुसरं कुणी नव्हतं का तिथं?" आजवर माझ्या कामाबद्दल जे जे बोललं गेलं, त्यातलं हे मला सगळ्यात खरं वाटलं.

आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, तऱ्हा वेगळी. ते टीव्हीचा आवाज बंद करतात, मी पडद्यावर आले की एकदा बघतात, "आली" म्हणतात आणि उठून गोठ्याकडे जातात. माझ्या कामावर याहून जास्त अक्षर त्यांनी कधी काढलेलं नाही. कौतुकाच्या बाबतीत आबांचा हात फार आखडता. भाताचं पीक कमरेएवढं आलं तरी ते म्हणणार, "बरं हाय."

आमच्या वाहिनीवर "शुभ सकाळ" म्हणायचं नसतं. बघणाऱ्यांपैकी कोणी नाश्त्याला बसलेला असतो, कोणी अंथरूण घालत असतो. म्हणून नुसता नमस्कार करायचा आणि जगाचं आज काय बिनसलं ते सांगायला लागायचं. मी मात्र मनातल्या मनात दर वेळी दुपारचाच नमस्कार करते, कारण माझ्या लेखी बघणारे म्हणजे आमची वाडी. बाकीचं जग फुकटात बघतं.

हे ऐकायला छान वाटतं, पण पहाटेच्या शिफ्टच्या आठवड्यात माणूस माणसांत राहत नाही. शेजारची मुलं बाहेर सायकली फिरवत असताना आपण काळे पडदे ओढून झोपायचं. गजर वाजला की जगातल्या यच्चयावत लोकांचा रागराग करत उठायचं. टॅक्सीत बसून आज जगात काय झालं ते मोबाइलवर वाचायचं, मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटायचे, कानात इअरपीस घालायचा आणि दिवा लागला की असं हसायचं जणू आपण रात्रभर गाढ झोपून ताजेतवाने होऊन आलोय. दर तासाला तीच बातमी, थोडी इकडची तिकडे करून. मेकअप होईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. जे बोलले ते पस्तावले आहेत.

कोणी कधी उभं राहायचं हे ठरवणारी आमच्याकडे एक बाई आहे. मी तिला मनात रोस्टरबाई म्हणते. ती कित्येक आठवडे आधी तक्ता लावते. एका शिफ्टपासून दुसरीपर्यंत ठरलेली विश्रांती मिळालीच पाहिजे, त्यामुळे काल रात्री बातम्या दिलेला माणूस आज पहाटे उभा राहू शकत नाही. एक नाव हलवलं की आणखी चार हलतात. म्हणून तिचा खाक्या असा की अदलाबदल तुमची तुम्ही करा, मला फक्त त्या वेळेला कॅमेऱ्यापुढे कोण असेल तेवढं कळवा.

आणि अदलाबदलीला हमखास मिळणारं माणूस म्हणजे मी. आमच्यात एक नायजेरियाची मुलगी आहे, माझी मैत्रीण. तिच्या बहिणीचं लग्न निघालं, मी तिची शिफ्ट केली. एक स्कॉटलंडचे बुजुर्ग आहेत, आवाज असा की नुसतं हवामान सांगितलं तरी ऐकत बसावं. त्यांच्या कुत्रीचं ऑपरेशन होतं, मी त्यांच्या जागी उभी राहिले. कोणाच्या मुलाचं शाळेत नाटक, कोणाचं घर बदलणं, सगळ्यांना हो म्हटलं. बदल्यात कोणाकडे काही मागितलं नाही. ऑफिसात निम्मे लोक मला देवमाणूस समजत आणि निम्मे बावळट. मी दोन्ही नव्हते. मी पडकई करत होते.

पडकई ही आमच्या डोंगरातली रीत. एखाद्या घराला भाताचं खाचर काढायचं असतं. उतारावर पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरल्याशिवाय भात होत नाही. मग उतार फोडायचा, निघालेले दगड खालच्या अंगाला रचून बांध घालायचा, वरची माती ओढून बांधाच्या आत भरायची आणि जमीन ताटासारखी सपाट करायची. एका घराच्या हातून हे होणं नाही. म्हणून घरटी एक माणूस येतं. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. मजुरी नसते, ज्याचं काम तो जेवण घालतो. आणि मुख्य म्हणजे पडकई मागायची नसते. संध्याकाळी चार माणसं टेकलेली असताना नुसतं बोलायचं, "सोमवारपास्नं आमच्याकडं काम हाय." बस्स. सोमवारी माणसं पहारी, टिकाव, घमेली घेऊन हजर. घरोघर जाऊन "येता का" असं विचारलं तर लोक नाराज होतात. न विचारता आलो नसतो असं वाटलं का तुला?

आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक उतरता तुकडा आहे. त्यावर नाचणी-वरी सोडून कधी काही झालं नाही. त्याचं खाचर करायचं आबांच्या मनात मी शाळेत होते तेव्हापासून. पण दर वर्षी कोणाचं तरी काम आधी निघायचं आणि आबा म्हणायचे, "त्यांचं होऊ द्या." मी ओतूरला मावशीकडे राहून कॉलेज केलं, पुण्यात नोकरी केली, लंडनला गेले, तरी तो तुकडा उतरताच. यंदा शेवटी आमची बारी आली, आणि नेमका आबांचा गुडघा गेला. दुसऱ्याच्या बांधावर दगड उचलताना पाय सरकला.

आईचा फोन आला. "आबा न्हाई म्हंत्यात. यंदा नगं म्हंत्यात."

कारण मला सांगावं लागलं नाही. आमच्या वाडीत घरच्या बांधावर घरचं एक माणूस पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत लागतं. शेवटचा दगड तर घरच्याच हातचा. आईला साऱ्या वाडीचं रांधायचं होतं, आबांना उभं राहवत नव्हतं, आणि मी त्यांची एकुलती एक, ती इथे जगाच्या उठाठेवी सांगत बसलेली. आबांचं म्हणणं मला मागून ऐकू येत होतं. "घरचं कुणी नाय, आन लोकांनी आपली दगडं वहायची? ते काय बरं दिसत न्हाई. फुडल्या साली बघू."

पुढल्या साली म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. वाडीतली तरणी माणसं मंचरला, नारायणगावला, चाकणला कामाला लागली आहेत. दर वर्षी बांधावरचे हात कमी होतात. यंदा राहिलं तर आबांच्या डोळ्यांदेखत ते खाचर व्हायचं नव्हतं.

"आबांना सांग, घरचं माणूस येतंय," मी म्हटलं.

"आन डुटी?"

"डुटीचं मी बघते."

सुट्ट्या मी दिवाळीतच उधळल्या होत्या. पण मला काळजी नव्हती. एवढ्या जणांच्या बांधावर मी जाऊन आले होते! आम्हा बातम्या वाचणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे, त्यावर मी लिहिलं, "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या घरी काम निघालं आहे. शेतात बांध घालायचा आहे. मी तिकडे असेन." सगळ्यांनी लाल बदाम टाकले. कोणी अंगठे टाकले, कोणी ट्रॅक्टरचं चित्र टाकलं. बुजुर्गांनी लिहिलं, "किती सुंदर!" मी म्हटलं, झालं काम. तिकीट काढून मोकळी झाले.

निघायचा आठवडा तोंडावर आला तेव्हा तक्ता बघितला. त्या आठवड्याच्या सगळ्या पहाटांपुढे माझंच नाव. मला वाटलं, रोस्टरबाई बदलायला विसरली. तिच्या टेबलापाशी गेले.

"माझ्या जागी कोण कोण आहे?" मी विचारलं.

"तूच मला सांगायचं. तू कोणाला विचारलंस?"

"सगळ्यांना सांगितलं की."

"सांगितलंस ते मीही वाचलं. छान होतं. विचारलंस का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, ती बिचारी बरोबर होती. मी तडक मेकअपच्या खोलीत गेले. तिथे माझी मैत्रीण केस नीट करून घेत होती आणि बुजुर्गांच्या अर्ध्या तोंडाला पावडर लागली होती. मी दारातूनच सुरू झाले. तुझ्या बहिणीच्या लग्नाला कोण उभं राहिलं? तुमच्या कुत्रीच्या ऑपरेशनला कोण? माझ्या बापाचं आयुष्यभराचं काम निघालंय आणि तुम्ही मला ट्रॅक्टर पाठवता? आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण बाहेरून कोणीतरी येऊन दार लावून घेतलं.

बुजुर्ग अर्धे गोरे आणि अर्धे आणखी गोरे अशा अवस्थेत उठून उभे राहिले. "पण बाळ, तुला सुट्टी मिळाली असंच वाटलं आम्हाला. तू काही मागितलंच नाहीस."

"मागायचं नसतं!" मी ओरडले. मग खाली बसून पडकई काय असते ते त्यांना सांगितलं. एकदा बोलायचं, न विचारता यायचं, जेवायचं आणि जायचं. सांगता सांगता माझं मलाच हसू यायला लागलं, कारण लंडनमधल्या मेकअपच्या खोलीत बसून मी पहार म्हणजे काय ते हातवारे करून दाखवत होते. मैत्रीण तर हसून हसून वाकडी झाली. "आमच्या आजीच्या गावातही असंच असतं," ती म्हणाली. "पण अगं, माझी आजीसुद्धा दार वाजवायची!"

सोमवार तिने तिथेच घेतला. बुजुर्गांनी मंगळवार घेतला. बुधवार एका नव्या मुलीने घेतला, बहुधा मला घाबरून. गुरुवार बाजारभाव सांगणाऱ्या मुलाने घेतला. शुक्रवार मात्र कोणालाच जमेना. कोणाची रात्रीची शिफ्ट होती, कोण परदेशात होतं. रोस्टरबाईने स्वतः तक्ता उलटासुलटा करून बघितला. शेवटी म्हणाली, "शुक्रवारी तुला यावं लागेल." शुक्रवारी पहाटे लंडनला हजर व्हायचं तर बुधवारी संध्याकाळी वाडी सोडायला हवी. आणि बांध पुरा होणार होता गुरुवारी.

घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. मला बघून म्हणाले, "आली." अगदी टीव्हीवर म्हणतात तसंच. मी त्यांच्याशेजारी बसून शुक्रवारचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वरच्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग बुधवारपत्तुर करू. ऱ्हायलेलं ऱ्हायलं."

बांधाचं तोंड उघडं राहिलं तर पावसाळ्यात भरलेली सगळी माती वाहून ओढ्याला जाते. अर्धा बांध म्हणजे नसल्याहून वाईट. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याआधी कळलं होतं. तरी ते म्हणाले, "चहा घे."

सोमवारी सकाळी माणसं आली आणि मला कसलाही विचार करायला वेळ राहिला नाही. हातात पहार आली की सगळ्या विवंचना खाली पडतात. वरून दगड सुटे करायचे, खाली लोटायचे, बांधावर बसवायचे. मोठे दगड तळाला, त्यांच्या फटींत चिपा ठोकायच्या. माझं कौशल्य बघून सगळ्यांची करमणूक झाली. मी घमेलं उचललं की कोणीतरी म्हणायचं, "दमानं बातमीवाले, जग थांबतंय." एकाने माझ्यापुढे पहार माइकसारखी धरली आणि म्हणाला, "सांगा राव, आज दगडाचा भाव काय?" मी त्याला आमच्या वाहिनीच्या थाटात इंग्रजीत सांगितला. एवढे हसले सगळे की काम थोडा वेळ बंद पडलं.

दुपारी जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, भात, सुकटीची चटणी. आईच्या हातच्या त्या आमटीसाठी मी लंडनमध्ये कित्येकदा जीव टाकला आहे. आमच्या घरापाशी मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज असते, चित्र दिसेल इतकी मिळते ती वरच्या तुकड्याच्या टोकाला. तिथे उभं राहून मी वाहिनी लावली. माझ्या जागेवर माझी मैत्रीण बसली होती, पिवळा कोट घालून, ऐटीत.

काकी भाकरी हातात घेऊनच बघायला आली. "ही कोन?"

"माझ्या जागी आलीय. मी इथं यावं म्हणून."

काकीने पडद्यावरच्या बाईला वरपासून खालपर्यंत नीट निरखलं. मग बाकीच्यांना हाक मारून म्हणाली, "आरं बघा, ही बी आपल्या पडकईला आलीया." आणि आईला, "वैनी, हिचं पान वाढा."

मला वाटलं गंमत करतायत. पण आईने खरंच एक पान वाढलं, भाकरी, आमटी, भात, सगळं. सगळ्यांना ते अगदी रीतसर वाटलं. जो कामाला उभा राहिला तो जेवला पाहिजे, मग तो कुठल्या का बांधावर उभा असेना. आता ती जेवायला येणार नाही म्हटल्यावर प्रश्न पडला. तो काकीने सोडवला. ते पान पुढ्यात ओढून ती म्हणाली, "तिला सांग, पोचलं. आमटीत मीठ बराबर व्हतं." मंगळवारी बुजुर्गांचं पान वाढलं गेलं. त्यांचे पांढरे केस आणि टाय बघून आबांनी त्यांना पाहुण्यासारखी जास्तीची भाकरी वाढायला लावली. तीही काकीनेच खाल्ली.

मी हे सगळं मैत्रिणीला कळवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मला पुन्हा कधी बोलावताय?"

मंगळवारी जेवताना काकीने विचारलं, "तुजी बॅग भरलेली दिसली. कधी जायाचं?"

"उद्या सांजच्याला," मी म्हटलं. एवढंच. मी काही मागत नव्हते, रडतही नव्हते. विचारलं म्हणून सांगितलं. काकी "हां" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

बुधवारी सकाळी मी वर गेले तर आधी वाटलं, कोणाकडे काही विपरीत घडलंय की काय. इतकी माणसं! घरटी एक नव्हे, दोन-दोन, तीन-तीन. खालच्या वाडीची माणसं होती, ज्यांचा यंदा आमच्या पडकईशी काही संबंध नव्हता. आहुप्याहून काकीच्या माहेरची माणसं जीप करून आली होती. दोन बैलजोड्या होत्या. कोणीतरी ढोल आणला होता. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या पदर खोचून तयार.

"काकी, हे काय?"

"काय म्हंजी? तूच म्हनलीस न्हवं सांजच्याला जायचंय? उद्याचं काम आजच उरकायचं." आणि मी आणखी काही बोलायच्या आत, "उभी काय ऱ्हायलीस? ते घमेलं घे."

मला रडू फुटलं. सरळ सांगते, भोकाड पसरलं मी. लंडनच्या सगळ्या पहाटा, काळे पडदे, डोळ्यांखालची वर्तुळं लपवायला लागणारी ती पावडर, सगळं त्यात वाहून गेलं. काकी म्हणाली, "रड, पन चालता चालता रड." मी घमेलं उचललं.

आबा काठी टेकत टेकत वर आले. माणसं बघितली. वळून आईला हाक मारली, "भाताचं आधण वाढीव!" आणि ऐकू गेलं नसेल म्हणून परत एकदा ओरडले.

त्या दिवशीसारखं काम मी आयुष्यात बघितलं नाही. ढोल वाजत होता, त्याच्या ठेक्यावर पहारी पडत होत्या, बैल माती सपाट करायची फळी ओढत होते आणि बांध डोळ्यांदेखत वर येत होता. दगड हातोहात जात होते. मला त्या ओळीत उभं राहायला मिळालं याचा इतका आनंद झाला होता की पाठ मोडतेय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. नव्या मुलीच्या बातम्या बघायला कोणाला सवड नव्हती, पण तिचं पान मात्र वाढलं गेलं.

उन्हं कलली तेव्हा एक जागा उरली, बांधाच्या कोपऱ्यावरची. खालच्या वाडीतल्या एकाने तिथे बसेल असा दगड हुडकून काढला, चांगला थोराड. "घरचं माणूस कुठाय?" त्याने विचारलं. मी पुढे झाले. दोघा-तिघांनी हात लावतो म्हटलं, मी नको म्हटलं. माझा ताठा आबांकडून आलेला आहे. दगड उचलला, नेला, टेकवला आणि तो बसता बसता माझा अंगठा खाली सापडला. मी जी शिवी हासडली ती कुठल्याही भाषेतल्या बातमीपत्रात येणार नाही. आहुप्याची माणसं खूश झाली.

आबा खालून विचारत होते, "बसला का?"

"अंगठा गेला, आबा!"

"दगुड बसला का?"

मी दगड हलवून बघितला. हलत नव्हता. "बसला!"

ढोल पुन्हा सुरू झाला. आबांनी काठी टाकली, त्या भुसभुशीत नव्या मातीत ते दोन पावलं चालले आणि मग काकीच्या दिराने त्यांना धरलं. मी कपडे बदलायलाही थांबले नाही. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. आहुप्याच्याच जीपने मला घाटाखाली सोडलं, मुंबईपर्यंत मी त्याच मातीत भरलेल्या कपड्यांत गेले आणि विमानात बसण्याआधी काय ती आंघोळ केली.

शुक्रवारी पहाटे मेकअपच्या खुर्चीत माझा अंगठा बघून तिथली बाई किंचाळली. नख निळं-काळं पडलं होतं आणि भोवती सूज होती. मी उजव्या हातात पेन धरून वाचते, म्हणजे तो नेमका कॅमेऱ्यासमोर येणार. तिने क्रीम लावलं, वरून नखाला रंग लावला, बाकीच्या नखांनाही लावला, म्हणजे एकटं उठून दिसणार नाही. काम तिने उत्तम केलं होतं. मी बातम्या वाचल्या आणि शिफ्ट संपवून फोन बघितला. आबांचे फोन येऊन गेले होते. आबा कधी फोन करत नाहीत. गुडघा? बांध?

"आबा, काय झालं?"

"अंगठ्याला काय केलंस?"

"रंग लावला. टीव्हीवर बरं दिसत नाही म्हणून."

पलीकडे काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"झाकायचं काय त्यात?" आबा म्हणाले. "खाचराचा हाय त्यो." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

सोमवारी मी मेकअपच्या बाईला हाताला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, लोक पत्रं पाठवतील. मी म्हटलं, पाठवू देत. दिवा लागला, मी नमस्कार केला, पेन उजव्या हातात धरलं आणि जगाचं काय काय बिनसलं ते शेवटपर्यंत सांगितलं.

शिफ्ट संपल्यावर आईचा फोन आला. हसू आवरत नसल्यामुळे तिला नीट बोलताही येत नव्हतं. आबांनी म्हणे सकाळीच खुर्ची टीव्हीला खेटून ठेवली होती. काकीला बोलावलं, खालच्या वाडीत निरोप धाडला, येईल त्याला पुढे बसवलं. कोणीतरी विचारलं, पोरगी आज काय सांगती हो? तर आबा म्हणाले, "बातम्या ऱ्हाऊ द्या. अंगठा बघा."